थाळीला लावलेलं कुंकू

काळाचौकीला आमच्या मोरजे चाळीच्या जिन्याखाली लवू घाडीगावकरांची सायकल दुरुस्तीची टपरी आहे. जागा एवढीशी, की लवूभाऊ आत बसले की पंप बाहेर ठेवावा लागतो, आणि पंप आत घेतला की लवूभाऊंना बाहेर बसावं लागतं. चाळीस वर्षांच्या वर हे असंच चाललंय.

मी त्यांची शेजारीण, पहिल्या मजल्यावर अगदी जिन्याच्या तोंडाशी. आमची भिंत एकच, आणि तीही पातळ. त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की कधी कधी माझाच हात आमच्या गॅसकडे जातो. तेव्हा पुढे जे सांगते त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आणि निम्मं भिंतीतून ऐकलेलं आहे. खोटं त्यात काही नाही.

लवूभाऊ मूळचे कणकवलीकडचे. विसाव्या वर्षी मुंबईला आले आणि गिरणीत रिंग खात्यात फिटरच्या हाताखाली लागले. सूत कातणाऱ्या हजार चात्या एकदम फिरत असताना त्यातली एखादी कण्हली तरी यांना ऐकू यायची, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगायचे. मग संप झाला, गिरणी गेली. हातात पाना होता आणि डोक्याला दोन कान होते, तेवढ्यावर ते जिन्याखाली बसले ते बसलेच. गिऱ्हाईक सायकल उभी करून काय बिघडलंय ते सांगायला लागलं की लवूभाऊ हात वर करतात. "तुम्ही नका बोलू. तिला बोलू द्या." मग चाक फिरवतात, मान तिरकी करतात आणि ऐकतात.

दुसरी त्यांची सवय म्हणजे सायकलच्या प्रत्येक भागाला नातं लावायचं. चेन म्हणजे म्हातारी आत्या, तिला तेल दिलं की कुरकुर थांबते. मागचं आणि पुढचं चाक म्हणजे भाऊभाऊ, एक बसला की दुसऱ्याचं चालत नाही. त्यांची बायको मीराबाई दारात लसूण सोलता सोलता हे सगळं इतकी वर्षं ऐकत आली. त्यातून तिने आपल्यापुरतं एक धरून ठेवलं होतं, की आवाज आला म्हणजे तेल घालायचं. पुढचं सगळं यातूनच झालं.

खंडेनवमीच्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आकांक्षाने नवी सायकल आणली. ही मुलगी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. सकाळी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत घरोघर जाऊन उपाशीपोटीचं रक्त घेते. तिथला चढउतार तुम्ही पाहिला असेल. जाताना धाप लागते आणि येताना ब्रेक लागतो.

सायकलला पुढे डिस्क ब्रेक होता, मागे साधा. लवूभाऊंनी असल्या सायकली रस्त्यावरून जाताना पाहिल्या होत्या, पण हाताखाली आलेली ही पहिलीच. पुढच्या चाकाच्या मधोमध चकचकीत स्टीलची भोकाभोकांची चकती आणि तिला दोन्हीकडून धरणारा चिमटा. लवूभाऊंनी चकतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा! थाळीच की ही."

तेवढ्यावर तिचं नाव थाळी पडलं.

दसऱ्याच्या सकाळी लवूभाऊंच्या पान्या-पकडींची पूजा असते. पाटावर सगळी हत्यारं मांडतात, आणि मग मीराबाई चाळीतल्या सगळ्या गाड्यांना हळदकुंकू लावते. आकांक्षाच्या सायकलपाशी आल्यावर ती थबकली. कुंकू पाण्यात कालवून लावलं तर ते स्टीलवर राहीना, ओघळून जाई.

"नलूताय, वायच खोबरेल दी गो," ती मला म्हणाली.

मी वर जाऊन बाटली आणली. मला काय ठाऊक! तिने कुंकवात तेल कालवलं आणि थाळीला आतून-बाहेरून पाच पाच बोटं लावली. थाळी म्हटल्यावर पूजेत आधी मान तिचाच. दोघींनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पावणेसहाला आकांक्षा निघाली. चाळीच्या फाटकाशी उतार आहे, तिथे तिने ब्रेक दाबला. आणि काय सांगू! असा चीत्कार उठला की चार मजल्यांवरचे दिवे एकदम लागले.

गॅलरीतून अण्णा ओरडले, "लवू, ऊठ रे! गिरणीचा भोंगा झाला! पहिली पाळी!"

अण्णा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून गॅलरीत खुर्ची टाकून सगळ्या चाळीला शेरे वाटत असतात. ते अकरा वाजता सायकल परत येईपर्यंत वाट बघत बसले आणि खाली येऊन म्हणाले, "हे जिन्याखालचं काम नव्हे. मुली, तू ही दादरला घेऊन जा, जिथनं आणलीस तिथे. लवूचं शिक्षण लोखंडी ब्रेकपर्यंतचं."

लवूभाऊ सहसा उलटून बोलत नाहीत. पण त्या दिवशी चाळीतली अर्धी माणसं खाली जमली होती.

"अण्णा, पुढचा शुक्रवार," ते म्हणाले. "तोवर हा भोंगा बंद नाही केला तर टपरी बंद. पाना खाली ठेवला म्हणून समजा."

"देवासमोर बोलतोयस," अण्णांनी चाळीच्या गणपतीच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्याचसमोर."

मीराबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. कारण टपरी बंद म्हणजे नुसती टपरी बंद नव्हे. त्यांचा राहुल डोंबिवलीला राहतो आणि दर रविवारी फोन करून "बाबा, आता पुरे झालं, इकडे या," म्हणतो. लवूभाऊंचं एकच उत्तर ठरलेलं. "टपरी आहे तोवर मी इथे." आता टपरी गेली तर बोलायला काय उरणार? मीराबाईला डोंबिवलीची सोळाव्या मजल्यावरची खोली माहीत होती. तिथे खिडकीतून वाकून बोलायला शेजारीण नाही, फक्त घार.

त्याच दिवशी लवूभाऊंनी काम सुरू केलं. आकांक्षाने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात गोरा माणूस भराभर बोलत होता.

"आवाज बंद कर," लवूभाऊ म्हणाले. "मला त्याचं तोंड नको. हात दाखव."

व्हिडिओ तीनदा बघून झाला. मग त्यांनी चिमट्यात डोकावून पाहिलं आणि चेहरा उजळला.

"कळलं! आकांक्षा, हे बघ. ही थाळी म्हणजे नवरा. त्याच्या दोन बाजूंना दोन पॅड. आतलं पॅड ही सासू, ती जागची हलत नाही. बाहेरचं पॅड ही सून. तू ब्रेक दाबलास की वायर सुनेला ढकलते, सून नवऱ्याला रेटते. मग नवरा कुठे वाकतो?"

"सासूकडे," आकांक्षा म्हणाली.

"शाब्बास. सासू फार लांब असली तर नवरा वाकून वाकून वाकडाच होतो. फार जवळ असली तर सारखी घासत बसते. म्हणून सासू पाहिजे केसभर लांब. जास्त नाही, कमी नाही."

"माजी सासू कणकवलीक होती," मीराबाई दारातून म्हणाली. "पाचशे किलोमीटर. तरी घासाची ती घासायचीच."

केसभर अंतर मोजायला लवूभाऊंनी डब्यातून लग्नपत्रिका काढल्या. चाळीत येणारी प्रत्येक पत्रिका ते जपून ठेवतात. तिच्यावरचा गणपती आधी कात्रीने कापून वेगळ्या डब्यात ठेवतात, त्याचं अनंत चतुर्दशीला विसर्जन करतात, आणि उरलेला कागद कामाला घेतात. त्यांनी एक तुकडा सासू आणि थाळीच्या मध्ये सरकवला, चिमट्याचे दोन्ही बोल्ट सैल केले, आकांक्षाला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि दोन्ही बोल्ट थोडे या बाजूचे थोडे त्या बाजूचे असे आवळत आणले. मग पत्रिका ओढून काढली.

वरून बघणारे अण्णा ओरडले, "अरे, ती माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका! आमच्या पूर्वीची!"

"बरोबर केसभर आहे अण्णा. राहुलची जाड होती. तिने ब्रेक लागेचना."

इतकं करूनही शनिवारी पहाटे भोंगा वाजलाच. मग लवूभाऊंनी दोन्ही पॅड बाहेर काढली, काचपेपरवर घासली. थाळी भांड्याच्या साबणाने धुतली, पुसली. पुन्हा पूर्वीची पत्रिका, पुन्हा सासू, पुन्हा सून. संध्याकाळी आकांक्षाने अंगणात चार फेऱ्या मारल्या. ब्रेक दाबला की सायकल गप्प उभी. लवूभाऊंनी गॅलरीकडे बघून मिशीवरून हात फिरवला. अण्णा खुर्ची घेऊन आत गेले.

रविवारी सकाळी सव्वापाचला पाणी आलं. मी बादली घेऊन खाली गेले तर मीराबाई सायकलपाशी ओणवी. एका हातात करंडा, दुसऱ्या हातात माझी खोबरेलाची बाटली.

"देवान आयकला गो," ती म्हणाली. "उपकार फेडूक नकोत?"

मला पटलं. आम्ही दोघींनी पुन्हा हात जोडले.

पावणेसहाला भोंगा झाला.

त्या दिवसापासून रोजचं ठरून गेलं. सकाळी भोंगा. अकराला आकांक्षा परतायची तोवर कुंकू पार झिजून, पसरून गेलेलं असायचं, थाळीवर नुसता काळपट मळ. लवूभाऊ पॅड घासायचे, थाळी धुवायचे, पत्रिका सरकवायचे. संध्याकाळी ब्रेक शहाणा. पहाटे मीराबाई पुन्हा करंडा घेऊन खाली. आता ती उपकार फेडत नव्हती, साकडं घालत होती. आणि पावणेसहाला पुन्हा तेच.

लवूभाऊंना वाटलं, सासूच रात्रीत सरकते. त्यांनी तिच्या बोल्टवर पेन्सिलीने रेघ मारली. रेघ जागच्या जागी. वायर बदलली, वायरीच्या टोकाची गोल चक्री अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे फिरवून पाहिली. एकदा तर त्यांनी अण्णांवर संशय घेतला.

"पहाटे कोण हात लावतं माझ्या कामाला?"

"मी? मी तुझ्या भोंग्यावर उठतो रे बाबा," अण्णा म्हणाले. "गजर लावायचं सोडलंय मी. पाण्याला अगदी वेळेवर जातो. माझा फायदाच आहे यात."

मंगळवारी मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. अँटॉप हिलच्या उतारावर आकांक्षाने ब्रेक दाबला, तो ओरडला पण लागला नाही. तिने पाय घासत कशीबशी सायकल थांबवली. रक्ताच्या नळ्या सुखरूप, चपलेचा तळ मात्र निघाला. लवूभाऊंनी तिची चप्पल पाहिली. त्या दुपारी ते जेवले नाहीत. भिंतीतून मला ऐकू आलं.

"हजार चात्यो माझा आयकायच्यो. ही एक थाळी आयकणा नाय."

"आयकतली," मीराबाई म्हणाली. "देवाक सांगलंय मी."

"देवाक ब्रेकातला काय कळता?"

"गप ऱ्हवा! असा बोलतत?"

त्यांनी आकांक्षाला दुसऱ्या दिवसापासून बसने जायला सांगितलं. ती म्हणाली, "काका, बसने गेले तर शेवटच्या माणसाचं रक्त घेईपर्यंत तो भुकेने चक्कर येऊन पडेल." मग "मागचा ब्रेक दाब, उतारावर चालत उतर," एवढ्यावर मिटलं.

गुरुवारी संध्याकाळी लवूभाऊंनी टपरीतले पाने एकेक पुसून पत्र्याच्या पेटीत भरायला घेतले. मोठे खाली, छोटे वर. मीराबाईने ते दारातून पाहिलं आणि माझ्याकडे येऊन खोबरेलाची भरलेली बाटलीच घेऊन गेली. रात्री मी देवापुढे दिवा लावताना तिच्यासाठी चार शब्द जास्त बोलले.

शुक्रवार उजाडला. आठवा दिवस. लवूभाऊंनी ठरवलं होतं की आज आकांक्षा बसायच्या आधी ब्रेक आपण तपासायचा. साडेपाचला ते बनियन-लेंग्यावर खाली आले. आकांक्षा रक्ताच्या नळ्यांची पेटी घेऊन उभी. अण्णा एका हातात बादली, दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन मुद्दाम वेळेवर हजर. मीराबाई थोडी लांब, पदराखाली करंडा.

लवूभाऊंनी पूर्वीची पत्रिका थाळी आणि सासूच्या मध्ये सरकवली, बाहेर काढली. पत्रिका ओली. आणि लाल.

"रक्त!" अण्णा किंचाळले.

आकांक्षाने पेटीतून स्पिरिटचा कापूस काढला, थाळीवर फिरवला, नाकाशी नेला. रक्त ओळखण्यात या मुलीचा हात कोण धरणार?

"अण्णा, हे रक्त नाही," ती म्हणाली. "कुंकू आहे. आणि खोबरेल."

लवूभाऊंनी कापूस हातात घेतला, बराच वेळ बघितला. मग हळूच मान वळवून मीराबाईकडे पाहिलं. तिने करंडा पदराखाली आणखी आत ढकलला. तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. मी तर दोन पावलं मागे सरकले, बाटली माझी होती.

"काय रे लवू?" अण्णा पुढे आले. "तेल कुणी लावलं थाळीला?"

एक शब्द पुरला असता. बायकोने लावलं म्हणाले असते तर सगळी चाळ पोट धरून हसली असती, आणि टपरीही सुटली असती.

"चूक माझी," लवूभाऊ म्हणाले. "हिला थाळी मी म्हटलं. थाळी म्हटल्यावर दुसरं काय होणार?"

अण्णांना काही कळलं नाही. मीराबाईला कळलं. तिने डोळ्यांना पदर लावला.

"म्हणजे हरलास तू. चूक तुझी म्हणतोस."

"शुक्रवार संध्याकाळी संपतो अण्णा."

इतक्यात आकांक्षाचा फोन वाजला. अँटॉप हिलवरून कोणी आजोबा विचारत होते, चहा प्यायला का? तिने सांगितलं, "अजिबात नाही आजोबा, आले मी." तिची अकरा माणसं उपाशी बसली होती.

लवूभाऊंनी पेटी उघडली, वर ठेवलेले छोटे पाने काढले. पॅड बाहेर आली, काचपेपरवर घासली गेली. आकांक्षाने अर्धं पाकीट स्पिरिटचा कापूस थाळीवर संपवला, कापूस पांढरा निघेपर्यंत. "पेशंटला एवढा लावत नाही मी," ती म्हणाली. सासू बसली, सून बसली, पत्रिकेचा नवा तुकडा आत गेला आणि कोरडा बाहेर आला. वीस मिनिटांत काम झालं.

"उतारावर मी घेऊन जाणार," लवूभाऊ म्हणाले. "आणि अण्णा मागे कॅरिअरवर बसणार."

"मी कशाला?"

"तुम्हाला थांबवलं तर हा ब्रेक कशालाही थांबवेल."

अण्णांचं वजन नव्वदच्या पुढे. पण सगळे बघत होते. ते बादली ठेवून, टॉवेल खांद्यावर टाकून कॅरिअरवर बसले. आम्ही तिघी रक्ताची पेटी घेऊन टॅक्सीने मागून निघालो. वाटेत टॅक्सीवाल्याने मला तीनदा विचारलं, की त्या दोघांना दवाखान्यात नेतायत का.

चढावर दोघे उतरून चालत गेले. वर पोचल्यावर लवूभाऊंनी लेंग्याचे पाय वर खोचले, अण्णांना घट्ट धरायला सांगितलं आणि सायकल सोडली. खाली वळणावर दूधवाल्याच्या क्रेट उभ्या रचलेल्या. बाल्कन्यांतून उपाशी माणसं बघत होती. अण्णा डोळे मिटून मोठमोठ्याने रामनाम घेत होते. मीराबाईने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली.

आणि सायकल थांबली. क्रेटपासून हातभर अंतरावर, एक आवाज न करता. नुसतं रामनाम ऐकू येत होतं.

"अण्णा, उतरा."

"थांबली का?"

"मघाशीच."

अण्णांनी एक डोळा उघडला, दुधाच्या पिशव्या पाहिल्या आणि उतरले. "आवाज का नाही आला मग?" ते म्हणाले, जणू फसवणूक झाली होती.

त्या रात्री भिंतीतून जे ऐकलं ते सांगू की नको, असं वाटलं होतं. पण सांगते.

"तू मागलंस ता बरोबर मागलंस," लवूभाऊ म्हणत होते. "लावलंस थय चुकलंस. उद्यापासना घंटीक लाव. घंटी देवाचीच आसता."

"आणि तेल?"

"तेल चेनीक. आत्येक."

मग मीराबाई म्हणाली, "तुमी माजा नाव कित्याक नाय घेतलास?"

त्यावर लवूभाऊंनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही. नेमका त्याच वेळी माझा कुकर वाजला.

शनिवारी पहाटे पावणेसहाला आकांक्षा गेली ती कोणाला कळलीसुद्धा नाही. फक्त घंटी एकदा वाजली, तिला लाल ठिपका होता. सात वाजता अण्णा डोळे चोळत, रिकामी बादली घेऊन खाली आले. पाणी केव्हाच गेलं होतं.

"भोंगा कुठे गेला रे?"

लवूभाऊ जिन्याखाली बसले होते. पंप बाहेर होता, पत्र्याची पेटी रिकामी होती, पाने खिळ्यांवर आपापल्या जागी लटकत होते.

"बोला अण्णा. टपरी उघडी आहे."

अण्णांनी बादली पुढे केली. तिची कडी एका बाजूने निघाली होती.

"जरा बघ," ते म्हणाले. "बोलू नको म्हणतोस ना, म्हणून काय झालंय ते सांगत नाही."

लवूभाऊंनी बादली हातात घेतली, कडी हलवली आणि मान तिरकी केली.